व्हेरिटी लँबर्ट: टायपिस्टच्या खुर्चीतून नाट्यविभागाच्या प्रमुखपदापर्यंत

"ताई, मी एका मराठी वाहिनीच्या कार्यक्रम विभागात समन्वयक आहे. मीटिंगच्या नोंदी काढते, निर्मात्यांच्या ऑफिसांत फोन करते, एपिसोड वेळेत पोचला का ते बघते. मला लिहिता येत नाही, दिग्दर्शन शिकलेले नाही. इथून कार्यक्रमप्रमुखाच्या खुर्चीपर्यंत पोचता येतं का? की आधी नोकरी सोडून दिग्दर्शनाचा कोर्स करू? आणि एखाद्या बाईची कारकीर्द अभ्यासायची तर कोणाची?" असा प्रश्न एका मुलीने विचारलाय. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयावर दोन ओळींत सांगितलेलं काहीच उपयोगी पडत नाही.

पोचता येतं. आणि अभ्यासायची तर व्हेरिटी लँबर्ट यांची कारकीर्द अभ्यास. या ब्रिटिश बाई १९३५ मध्ये लंडनला जन्मल्या आणि २००७ मध्ये गेल्या. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही. बीबीसीची 'डॉक्टर हू' ही विज्ञानकथा मालिका बघणारी मुलं तेवढी ओळखतात, तीही 'या मालिकेची पहिली निर्माती' म्हणून. तो त्यांच्या कामाचा सुरुवातीचा तुकडा झाला. पुढची चाळीस वर्षं आपल्या धंद्यातल्या माणसाने त्याहून बारकाईने बघण्यासारखी आहेत.

मी स्वतः आधी निर्मिती संस्थेकडून ईपी, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, म्हणून आणि नंतर वाहिनीच्या बाजूने मराठी मालिकांचं काम केलं आहे. त्यामुळे कोणाचीही कारकीर्द वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जातं: या माणसाला 'हो' म्हणायचा अधिकार केव्हा मिळाला आणि त्या 'हो'ला किती वजन होतं. बाहेरच्या लोकांना वाटतं, कार्यक्रमप्रमुख मालिका बनवतो. मालिका लेखक, दिग्दर्शक, कलाकार आणि सेटवरची माणसं बनवतात. प्रमुखाच्या हातात असतं ते एवढंच की सातचा स्लॉट कोणाला द्यायचा, एपिसोडमागे किती पैसे मंजूर करायचे, किती एपिसोडची हमी द्यायची, आणि दर गुरुवारी बार्क या प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या संस्थेचे आकडे आले की पडलेल्या मालिकेच्या कथेचा ट्रॅक बदलायचा, वेळ बदलायची की गाशा गुंडाळायला सांगायचं. पदाची नावं कंपनीगणिक बदलतात. एखादीच्या कार्डावर 'व्हाइस प्रेसिडेंट' असतं आणि एक प्रोमो पास करायलाही तिला तीन माणसांना विचारावं लागतं. म्हणून कार्ड वाचू नकोस, अधिकार वाच.

लँबर्टबाईंची सुरुवात तुझ्या खुर्चीच्याही खालून झाली. शाळा सोळाव्या वर्षी सोडली, वर्षभर पॅरिसला सॉर्बोनमध्ये काढलं, मग लंडनला सेक्रेटरीचा कोर्स केला. पहिली नोकरी एका हॉटेलात मेनू टाइप करायची, आणि तीही फ्रेंच येत होतं म्हणून मिळालेली. १९५६ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या प्रसिद्धी विभागात सेक्रेटरी म्हणून लागल्या. सहा महिन्यांत काढून टाकलं. मग एबीसी नावाच्या दुसऱ्या ब्रिटिश टीव्ही कंपनीत शॉर्टहँड टायपिस्ट, तिथून नाट्यविभागाच्या प्रमुखांची सेक्रेटरी आणि मग निर्मिती सहायक. हे कोणी बढती म्हणून दिलं नव्हतं. ज्या टेबलावर बसल्या त्या टेबलाशेजारचं काम शिकून घेत त्या सरकत गेल्या.

त्या काळातली एक रात्र मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलीला सांगत आले. एबीसीवर 'आर्मचेअर थिएटर' नावाने दर रविवारी नाटक व्हायचं, आणि ते थेट प्रक्षेपित व्हायचं. आजच्यासारखी आधीच तयार करून ठेवलेल्या एपिसोडची बँक नाही, एडिट नाही. स्टुडिओत जे घडेल ते त्या क्षणी घराघरांत. ३० नोव्हेंबर १९५८ ला 'अंडरग्राउंड' हे नाटक चालू असताना गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मधे कोसळला आणि गेला. नाटक चालू होतं, त्याचे पुढचे प्रवेश यायचे होते. दिग्दर्शक टेड कोचेफ धावत खाली फ्लोअरवर गेले, उरलेल्या नटांना कोणाचं वाक्य कोणी घ्यायचं ते कुजबुजून सांगायला. वर गॅलरीत, म्हणजे स्टुडिओच्या नियंत्रण कक्षात, राहिल्या त्या लँबर्ट. हातात शॉटची यादी होती, पण त्या यादीतला एक माणूस आता नव्हता. कुठल्या कॅमेऱ्यावर कधी जायचं, कोणाला चौकटीबाहेर ठेवायचं, ते त्यांनी त्या गॅलरीत बसून सांभाळलं आणि नाटक शेवटापर्यंत नेलं. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या.

ही गोष्ट मी धाडसासाठी सांगत नाही. ती यादी त्यांना पाठ होती म्हणून ते जमलं. सहायकाचं काम म्हणजे घड्याळ, शॉटचे नंबर, कोण कुठे उभं आहे. त्याला आपण कारकुनी समजतो, पण गाडी रुळावरून घसरते तेव्हा सगळा नकाशा फक्त त्याच माणसाच्या डोक्यात असतो. तू आज एपिसोड पोचला का बघतेस ना? म्हणजे कोणत्या मालिकेची बँक किती एपिसोडची उरली आहे, कुठला लेखक संवाद रात्री दोनला पाठवतो, कुठल्या सेटवर कॉल टाइम नऊचा असून पहिला शॉट बाराला लागतो, हे तुझ्या ऑफिसात सगळ्यांच्या आधी तुला कळतं. त्या माहितीची किंमत तुझ्या साहेबांना आहे. तुलाही असू दे.

१९६१ मध्ये त्या वर्षभर न्यूयॉर्कला जाऊन डेव्हिड सस्किंड या निर्मात्याकडे सहायक म्हणून राहिल्या. परत आल्या तेव्हा दिग्दर्शन करायची इच्छा होती. कंपनीने पुन्हा सहायकाच्याच जागी बसवलं. तेव्हा त्यांनी ठरवलं की वर्षभरात पुढे सरकलो नाही तर टीव्ही सोडून द्यायचा. अशी मुदत स्वतःला घालून घेणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे कित्येक हुशार मुली दहा-दहा वर्षं 'सीनियर असोसिएट' राहतात, कारण दर दिवाळीला कोणीतरी म्हणतं की पुढच्या वर्षी बघू.

त्यांच्या बाबतीत दार उघडलं ते सिडनी न्यूमन यांच्यामुळे. हे कॅनडाचे गृहस्थ एबीसीत नाट्यविभागाचे प्रमुख होते आणि १९६२ च्या अखेरीस बीबीसीत त्याच पदावर गेले. बीबीसीला शनिवारी संध्याकाळी खेळांचा कार्यक्रम आणि गाण्यांचा कार्यक्रम यांच्या मधली वेळ भरायची होती. मुलांना आवडेल आणि मोठेही उठून जाणार नाहीत असं काहीतरी हवं होतं. त्यातूनच 'डॉक्टर हू' झाली. निर्मितीची जबाबदारी आधी दुसऱ्याला विचारून झाली, तिथून नकार आला. मग न्यूमननी आपल्या जुन्या सहायिकेला बोलावलं. १९६३ च्या जूनमध्ये लँबर्ट बीबीसीत आल्या. वय सत्तावीस, नाट्यविभागातली सर्वांत तरुण निर्माती आणि त्या घडीला एकमेव बाई.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घे. पहिली म्हणजे मिळालेला स्लॉट कोणालाच नको होता. मोठ्या लोकांच्या डोळ्यांत भरणारी जागा नवख्या बाईला कोणी देत नाही, उरलेली देतात. दुसरी, न्यूमननी त्यांचं काम त्या गॅलरीतल्या दिवसांपासून बघितलं होतं. तुझं काम बघितलेला एक माणूस वरच्या जागी जाणं, हा आपल्या धंद्यात पुढे सरकायचा फार मोठा मार्ग आहे. याला वशिला म्हणून हिणवणारे भेटतील. लँबर्टबाईंनाही ही जागा कशी मिळाली यावर बीबीसीत नको ती कुजबुज झालीच. त्यांनी त्याचं उत्तर शनिवारी संध्याकाळी पडद्यावर दिलं.

पहिल्या कथेचं दिग्दर्शन ज्यांच्याकडे आलं ते वारिस हुसेन आपल्या लखनौचे. १९३८ चा जन्म, लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव, लहानपणीच इंग्लंडला गेलेले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे. म्हणजे बीबीसीच्या त्या गोऱ्या, पुरुषी इमारतीत एक तरुण बाई आणि एक तरुण हिंदुस्तानी, आणि दोघांना मिळून एक असा कार्यक्रम उभा करायचा होता ज्यावर जुन्या मंडळींचा विश्वास नव्हता. स्टुडिओ मिळाला लाइम ग्रोव्हचा, जुनाट, अरुंद, दिव्यांनी तापणारा. एपिसोडचं बजेट २,३०० पौंडांच्या आसपास. सप्टेंबरमध्ये पहिला भाग चित्रित झाला. न्यूमननी बघितला आणि नापसंत केला. मात्र दोघांना घरी पाठवलं नाही, पुन्हा करा म्हणाले. ऑक्टोबरमध्ये तोच भाग नव्याने चित्रित झाला. नायक थोडा मऊ केला, तांत्रिक चुका काढल्या. तो भाग २३ नोव्हेंबर १९६३ ला दाखवला गेला, आणि आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झाली होती. मालिका कोणाच्या लक्षात राहणार? पुढच्या शनिवारी पहिला भाग पुन्हा दाखवून मगच दुसरा दाखवला.

खरी परीक्षा आली ती पाचव्या आठवड्यात. न्यूमनची सक्त ताकीद होती की विज्ञानकथा करा, पण बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. आणि टेरी नेशन यांनी लिहिलेल्या दुसऱ्या कथेत होते धातूच्या कवचातून सरकत फिरणारे, चिरक्या आवाजात बोलणारे डॅलेक. विभागातल्या वरिष्ठांनी संहिता वाचून सांगितलं, हे करू नका. लँबर्टबाईंनी दोन कारणं पुढे केली. एक, हे राक्षस नाहीत, अणुयुद्धाने खुरटलेले जीव यंत्रात बसून जगतायत, आणि यात विचार आहे. दुसरं कारण अगदी आपल्या धंद्यातलं: दुसरी संहिता तयारच नाही. कथा गेली, सात भागांची. शेवटाला पोचेपर्यंत पाहणाऱ्यांचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला होता. न्यूमननी नंतर मान्य केलं की हिला माझ्यापेक्षा जास्त कळतं, आणि पुढे ढवळाढवळ केली नाही.

तुझ्या साहेबांशी मतभेद होतील तेव्हा हे आठव. त्यांनी आरडाओरडा केला नाही, राजीनामा पुढे केला नाही. संहिता त्यांनी वरच्या सगळ्यांपेक्षा जास्त लक्ष देऊन वाचली होती आणि ती बाजू शांतपणे मांडली. आपल्या मीटिंगांत 'मला फील येत नाहीये' असं म्हणणारे पुष्कळ असतात. कथेत काय आहे, कोणासाठी आहे, आणि ही नाही घेतली तर सोमवारी काय दाखवणार, या तिन्हीची उत्तरं ज्याच्याकडे असतात त्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

१९६५ मध्ये त्यांनी 'डॉक्टर हू' सोडली. मालिका जोरात चालू असताना सोडली, हेही शिकण्यासारखं आहे, कारण यशस्वी मालिकेला चिकटून राहिलेला निर्माता त्याच मालिकेचा म्हणून ओळखला जातो. मधल्या वर्षांतल्या मालिकांवर मी वेळ घालवत नाही. १९७४ ची 'शोल्डर टू शोल्डर' मात्र नोंदवून ठेव. मतदानाच्या हक्कासाठी तुरुंगात गेलेल्या, उपोषण करणाऱ्या ब्रिटिश बायकांवरची ही मालिका लँबर्टबाईंनी काढली, आणि काही भागांचं दिग्दर्शन केलं वारिस हुसेन यांनी. अकरा वर्षांनी तीच जोडी.

त्याच वर्षी त्या थेम्स टेलिव्हिजन या खासगी टीव्ही कंपनीच्या नाट्यविभागाच्या प्रमुख झाल्या. इथे त्यांच्या 'हो'ला खरं वजन आलं. निर्माती असताना त्या दिलेली एक मालिका सांभाळत होत्या. आता कुठल्या मालिका होणार हे ठरवू लागल्या. क्वेंटिन क्रिस्प नावाचा एक माणूस, समलिंगी असल्याचं न लपवता, लाली-लिपस्टिक लावून लंडनच्या रस्त्यावर मार खात जगला, त्याच्या आत्मचरित्रावरची संहिता बीबीसीने नाकारली होती. इंग्लंडमध्ये समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा उरले नव्हते त्याला जेमतेम आठ वर्षं झाली होती. थेम्सने 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट' केली, १९७५ मध्ये दाखवली, आणि जॉन हर्ट हा नट त्या भूमिकेने मोठा झाला. अशा होकारात प्रमुखाला नियामकापुढे उभं राहावं लागतं, जाहिरातदारांची नाराजी झेलावी लागते, आपल्याच संचालकांना समजवावं लागतं. दिग्दर्शकाला त्यातलं काही दिसत नाही, दिसूही नये. थेम्सचे कार्यक्रम संचालक जेरेमी आयझॅक्स यांचाही भक्कम आधार होता, हेही सांगायला हवं. एकटी बाई सगळ्या जगाशी लढली, असं टीव्हीत कधी नसतं.

'रम्पोल ऑफ द बेली'ची गोष्ट तर आपल्या प्रत्येक कार्यक्रमप्रमुखाने ऐकावी. हे म्हातारं, बडबडं वकीलसाहेबांचं पात्र १९७५ मध्ये बीबीसीच्या एका नाटकात आलं आणि लोकांना आवडलं. बीबीसीने मालिकेचा निर्णय लांबवला. त्या नाटकाच्या निर्मात्या आयरीन शुबिक ती कल्पना घेऊन थेम्सकडे आल्या. लँबर्टबाईंनी हो म्हटलं. १९७८ ला सुरू झालेली मालिका १९९२ पर्यंत येत राहिली. चांगली कल्पना फार दिवस कोणाच्या दारात उभी राहत नाही. ज्या निर्मात्याला तू 'कळवतो' म्हणून दोन महिने ताटकळत ठेवतेस, तो तीच फाइल घेऊन शेजारच्या वाहिनीत जातो, आणि गुरुवारी त्यांचा आकडा तुझ्या समोर येतो. नकार द्यायचा असेल तर तोही लवकर द्यावा.

१९७८ मध्येच थेम्सने 'एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन' केली. दिग्दर्शक पुन्हा वारिस हुसेन. मालिकेला ब्रिटनमध्ये बाफ्टा पुरस्कार मिळाला, अमेरिकेत एमी पुरस्कार मिळाला. लाइम ग्रोव्हच्या तापलेल्या स्टुडिओत ज्याचा पहिला भाग नापास झाला होता, त्याच दिग्दर्शकाला पंधरा वर्षांनी त्या बाईंच्या विभागाने राजघराण्यावरची सर्वांत मोठी मालिका दिली. अधिकारी म्हणून माझ्या मते ही त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत देखणी गोष्ट आहे. माणसं ओळखायची, एका फ्लॉपवर सोडून द्यायची नाहीत, आणि आपल्या हातात आलं की त्यांना मोठं काम द्यायचं.

थेम्सची एक उपकंपनी होती, यूस्टन फिल्म्स. स्टुडिओत न कोंडता रस्त्यावर, फिल्मवर चित्रीकरण करणारी. लँबर्टबाई तिच्या प्रमुख झाल्या. १९७९ ची 'माइंडर' सुरुवातीला अपेक्षेएवढी चालली नाही. ती बंद न करता भाग पुन्हा दाखवले गेले, लोकांना लेखनातली गंमत हळूहळू सापडली, आणि मालिका १९९४ पर्यंत टिकली. १९८३ ची 'विडोज' त्याहून महत्त्वाची. लिंडा ला प्लांट तेव्हा छोट्या भूमिका करणारी नटी होती; तिने कथांचे कच्चे आराखडे लिहून पाठवले होते. त्यातला एक यूस्टनने उचलला: नवरे दरोड्यात मेले, आणि त्यांचा पुढचा दरोडा त्यांच्या बायका पुरा करतात. लेखक म्हणून नाव नसलेल्या बाईवर अख्खी मालिका सोपवली. आठ वर्षांनी तीच लेखिका 'प्राइम सस्पेक्ट' ही गाजलेली पोलीस मालिका लिहिणार होती. आपल्याकडे मालिकांत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात, आणि प्रत्येक वाहिनी तीच पाच-सहा नावं फिरवते. नवीन नावाला हो म्हणायला कोणाला तरी आपली खुर्ची पणाला लावावी लागते.

आता उतार. १९८२ मध्ये त्या थॉर्न ईएमआय या बड्या सिनेमा कंपनीत निर्मिती संचालक झाल्या. नाव मोठं, पैसा मोठा. पण ज्यांनी त्यांना आणलं ते निघून गेले, आणि नंतर आलेल्यांना ना फारसे सिनेमे काढायचे होते, ना या बाई हव्या होत्या. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. १९८५ मध्ये त्या बाहेर पडल्या. कार्डावर पद वर गेलं होतं, 'हो'चं वजन मात्र कमी झालं होतं. नोकरीची ऑफर आली की आपण पगार विचारतो, पद विचारतो. त्याच्या आधी विचार: किती रकमेपर्यंत मी एकटी मंजुरी देऊ शकते? मला नेमणारा माणूस स्वतः किती दिवस टिकणार आहे? तो गेला तर माझ्या बाजूने कोण बोलेल? हे प्रश्न मुलाखतीत अवघडायला होतं म्हणून मुली टाळतात. टाळू नकोस.

मग त्यांनी 'सिनेमा व्हेरिटी' नावाची स्वतःची निर्मिती संस्था काढली. म्हणजे टेबलाच्या पलीकडे गेल्या. आता इतरांच्या होकाराची वाट बघायची पाळी त्यांची. 'जीबीएच', 'मे टू डिसेंबर' अशी चांगली कामं झाली, मेरिल स्ट्रीप असलेला 'अ क्राय इन द डार्क' हा सिनेमा झाला. आणि १९९२ मध्ये 'एल्डोराडो' झाली. बीबीसीला आठवड्यातून तीनदा चालणारी नवी डेलीसोपसारखी मालिका घाईघाईने हवी होती. स्पेनमध्ये कोइन गावाजवळ अख्खं खेडं सेट म्हणून उभं केलं. कलाकारांत नवखे बरेच, आवाज घुमायचा, तयारीला वेळच नव्हता. ६ जुलैला सुरू झाली, वर्षभरात बंद पडली. गंमत म्हणजे बंद करायचं ठरलं तेव्हा मालिका सुधारू लागली होती. मराठीत अशा किती मालिका आपण बघितल्या: लॉन्चची तारीख आधी ठरते, होर्डिंग लागतात, आणि बँकेत धड आठवड्याचेही एपिसोड नसतात. अनुभवी माणसालाही घाईपुढे हात टेकावे लागतात. लँबर्टबाई त्यानंतर घरी बसल्या नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून 'जोनाथन क्रीक'ची निर्मिती केली, २००५ मध्ये 'लव्ह सूप' आणली, शेवटपर्यंत कामात होत्या. २२ नोव्हेंबर २००७ ला गेल्या, 'डॉक्टर हू'च्या चव्वेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी.

तू विचारशील, परदेशातल्या बाईचं इथे काय? इथेही वाट नवी नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पहिल्या पिढीच्या निर्मात्यांत सुहासिनी मुळगावकर, विजया जोग-धुमाळे यांच्यासारख्या बायका होत्या. २००८ च्या जुलैत कलर्स ही हिंदी वाहिनी सुरू झाली तेव्हा तिच्या कार्यक्रमांची धुरा अश्विनी यार्दी यांच्याकडे होती, आणि सासू-सुनांच्या गर्दीत बालविवाहावरच्या 'बालिका वधू'ला जागा मिळाली. आज मराठी वाहिन्यांच्या कार्यक्रम विभागात मुली भरपूर दिसतात. बजेटवर सही करणाऱ्यांत कमी दिसतात. प्रश्न तिथे आहे.

बाई म्हणून दोन गोष्टी कागदावर बघून ठेव. तू कंपनीच्या पगारपत्रकावर आहेस की रिटेनरवर, म्हणजे ठरावीक मानधनाच्या करारावर? २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, पण रिटेनरवरच्या मुलीला ती मागताना वाद घालावा लागतो. करार करतानाच तो मुद्दा लिहून घे. आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक निर्मिती संस्थेत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायलाच हवी, २०१३ चा कायदा आहे. उद्या तू प्रमुख झालीस की निर्मात्याशी करार करण्याआधी त्या समितीची नावं माग. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या शूटिंगच्या बंगल्यात रात्री पॅक-अप झाल्यावर मेकअप आणि हेअरच्या मुली घरी कशा जातात, हेही विचार. हे विचारायचा अधिकार वाहिनीकडे असतो आणि तो क्वचितच वापरला जातो.

तुझ्या रोजच्या कामात आजपासून एक भर घाल. निर्माते येऊन कथा ऐकवतात त्या मीटिंगमध्ये तू नोंदी घेतेसच. साहेबांनी निर्णय द्यायच्या आधी स्वतःच्या वहीत लिही: मी असते तर हो की नाही, कुठल्या स्लॉटला, आणि का. तारीख टाक. मालिका आली की पहिल्या महिन्याचा आणि सहाव्या महिन्याचा आकडा त्याच पानावर लिही. वर्षभराने ती वही उघडलीस की तुझी नजर कुठे पक्की आहे आणि कुठे कच्ची, ते कोणाला विचारावं लागणार नाही. त्यासोबत बजेटचा कागद वाचायला शीक. एक रात्रीचं बाहेरचं शूट, एक लग्नाचा सीन, चाळीस माणसांची गर्दी यांनी आठवड्याचं गणित कसं कोलमडतं, हे निर्मात्याच्या प्रॉडक्शनवाल्याकडे बसून समजून घे. सेटवर पूर्ण बारा तासांच्या शिफ्टला उभी राहा, एडिटला बस.

मग एखादा छोटा होकार मागून घे. दुपारचा स्लॉट, रविवारचा महाएपिसोड, गणपतीतला विशेष कार्यक्रम, रिपीटची वेळ. साहेबांना सांग की याचा निर्णय माझा, आकडाही माझ्या नावावर. मोठ्या माणसांना ज्यात रस नाही ते मागितलंस तर मिळायची शक्यता जास्त. आणि स्वतःला मुदत घाल; दीड-दोन वर्षांत एकही निर्णय तुझ्या नावावर आला नाही तर दुसरी वाहिनी किंवा निर्मिती संस्था बघ. निर्मितीच्या बाजूला जाऊन ईपी म्हणून परत आलेल्या मुली वाहिनीत फार उपयोगी ठरतात, कारण फोनच्या दुसऱ्या टोकाला काय चालतं ते त्यांना माहीत असतं.

कोर्सचं म्हणशील तर दिग्दर्शनाच्या पूर्ण अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडू नकोस. लँबर्टबाईंना दिग्दर्शन करायचं होतं तेव्हा ते मिळालं नाही, आणि पुढे त्यांना त्याची गरजही पडली नाही. पटकथा वाचनाची किंवा संकलनाची शनिवार-रविवारची कार्यशाळा मिळाली तर जरूर कर. फी भरायच्या आधी शिकवणाऱ्याने स्वतः रोजच्या मालिकेवर काम केलं आहे का, तेवढं विचारून घे.